बिल थकवणं हासुद्धा जुलूमच : पुण्यातल्या मुस्लिम व्यापारी भावांना आणि मशिदींच्या विश्वस्तांना खुलं पत्र

अस्सलामु अलैकुम.

गेली २२ वर्षं मी नाना पेठ, भवानी पेठ, कॅम्प आणि आता कोंढव्यातल्या दुकानांचे हिशोब लिहिते. सुरुवातीला वहीत लिहायचे, आता टॅलीवर. तुमच्यापैकी काहीजणांच्या दुकानात मी महिन्यातून दोनदा येते, मागच्या टेबलापाशी बसते, खरेदीची बिलं चढवते. तुमच्या घरचा ईदचा शीरखुर्मा मी खाल्ला आहे. कुणाची बदनामी व्हावी म्हणून हे लिहीत नाही, आणि कुणाचं नाव, दुकान, गल्ली यात येणार नाही. पण जे रोज डोळ्यांसमोर दिसतं ते आता पोटात ठेवून राहवत नाही.

यंदाच्या मार्चअखेरची गोष्ट. एका दुकानात भाई म्हणाले, "आपा, बँकेनं वर्षभरात खात्यावर किती व्याज घातलंय? पैन्‌पैचा आकडा काढा." मी काढला. ३,२१६ रुपये. त्यांनी गल्ल्यातून तेवढे मोजले, पाकिटात घातले, आणि सवाबची, म्हणजे पुण्याची, नियत न ठेवता कुणा गरजूला देऊन टाका म्हणून पोराला पाठवलं. सुदाचा पैसा घरात नको. मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर वाटला. मग मी त्याच स्क्रीनवर देण्यांची यादी उघडली. ग्रीलवाला, ८६,४००, गणपतीच्या आधीपासून. खोकी पुरवणारी बाई, १९,२५०, दिवाळीपासून. टेम्पोवाल्याच्या सहा फेऱ्या. मी विचारलं, "भाई, ह्यांचं?" ते म्हणाले, "देऊ की, कुठं पळून चाललोय."

खात्यावर आपोआप पडलेले ३,२१६ रुपये ज्यांना इतके टोचतात, त्यांना गणपतीपासून अडकलेले ८६,४०० का टोचत नाहीत? या एका प्रश्नासाठी हे पत्र आहे.

अल्लाहनं व्यापार हलाल केला आणि सूद हराम केला, हे सूरह बकराच्या २७५ व्या आयतीत आहे, आणि आपल्याकडच्या मशिदीतल्या जवळजवळ प्रत्येक बयानात, म्हणजे प्रवचनात, ते येतं. पण त्याच ओघात पाच आयती पुढं गेलं की तंगीत असलेल्या कर्जदाराला सवड देण्याचा हुकूम येतो, आणि आणखी दोन आयती पुढं उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा. ही २८२ वी आयत अख्ख्या कुरआनातली सगळ्यात लांब आयत आहे, आणि ती उधारीच्या लिखापढीवर आहे. हिशोब लिहिणारी बाई म्हणून मला याचं फार अप्रूप वाटतं. आणि बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेली हदीस, म्हणजे रसूलुल्लाहंचं वचन, तर सरळ आहे : ऐपत असलेल्यानं देणं लांबवणं हा जुलूम आहे. ही हदीस आपल्या बाजारातल्या मशिदीच्या मिंबरवरून तुम्ही शेवटची कधी ऐकलीत?

आता माझ्या घरातलं सांगते.

माझे अब्बा फॅब्रिकेशनचं काम करायचे. भवानी पेठेत दहा बाय बाराचा गाळा, एक वेल्डिंग मशीन, एक कटर, हाताखाली दोन पोरं. दुकानांची शटर, रॅक, जिन्याचे कठडे. २००९ साली त्यांना एका मोठ्या गोडाऊनच्या रॅकचं काम मिळालं, १,८०,००० रुपयांचं. ४०,००० आगाऊ आले, बाकीचे काम झाल्यावर द्यायचे ठरले. काम रमजानच्या आधी पुरं झालं. मालक पाच वक्ताचे नमाजी, हाजी, सढळ हातानं दान करणारे. त्यांच्या नियतीवर अब्बांनी कधी शंका घेतली नाही, मीही घेत नाही. पण राहिलेले १,४०,००० यायला नऊ महिने लागले, तेही आठ-दहा हजारांच्या तुकड्यांनी. दर खेपेला जुम्म्यानंतर ये, पार्टीकडून यायचेत, ईद होऊ दे.

पोरांचा पगार मात्र दर शनिवारी. मजुराचा घाम वाळायच्या आत त्याची मजुरी द्या, ही हदीस अब्बांना पाठ होती आणि ते ती पाळायचे. चौथ्या महिन्यात हात पूर्ण आखडला तेव्हा त्यांनी रोजच्या कलेक्शनवाल्याकडून पैसे उचलले. कागदावर ५०,०००, हातात ४५,०००, आणि रोज संध्याकाळी ५०० रुपये, १०० दिवस. वसुलीचा पोरगा मोटारसायकलवरून यायचा, गाळ्याच्या दारात उभा राहून छोट्या कार्डावर टिक करायचा. तो आला की अब्बा वेल्डिंगची काच तोंडापुढे धरायचे आणि खाली बघून काम करत राहायचे. मी असले तर पैसे मी द्यायचे, नाहीतर हाताखालचं पोर द्यायचं. त्याच्याकडे बघायचं धाडस अब्बांना होत नसे. १०० दिवस संपायच्या आत पहिलं फेडायला त्यांनी दुसरं उचललं.

त्याच महिन्यांत पत्रा आणि अँगल देणाऱ्या मारवाडी शेठचंही देणं थकलं होतं. अब्बा स्वतः जाऊन सांगून आले की माझे पैसे अडकलेत. शेठ म्हणाले, "मिस्त्री, तुमचे येतील तेव्हा द्या," आणि वहीत त्या रकमेत एक रुपयाही चढवला नाही. बकराची २८० वी आयत त्यांनी ऐकलेली असण्याचं काही कारण नव्हतं.

सूद घेतला कलेक्शनवाल्यानं आणि दिला अब्बांनी. गुन्हा आपल्या खात्यावर लिहिला गेला असं अब्बा समजायचे, इशाच्या नमाजीनंतर कितीतरी वेळ मुसल्ल्यावर बसून राहायचे. मी तेव्हा लहान नव्हते, हिशोब कळत होता. मला दिसत होतं की १,४०,००० रुपये नऊ महिने दुसऱ्याच कुणाच्या धंद्यात फिरत होते, बिनव्याजी. कर्ज-ए-हसना, म्हणजे बिनव्याजी कर्ज, देणाऱ्यानं खुशीनं द्यायचं असतं. इथं ते एका मिस्त्रीला न विचारता त्याच्याकडून काढून घेतलं गेलं, आणि त्या नऊ महिन्यांची किंमत त्यानं रोज ५०० रुपयांनी तिसऱ्याला मोजली. अडलेल्या माणसाच्या अडचणीवर कमाई होते म्हणून सूद हराम. मग ती अडचण ज्याच्यामुळे उभी राहिली तो नामानिराळा कसा राहतो?

२०१६ मध्ये अब्बा गेले. जनाज्याच्या नमाजीआधी भावानं रीतीप्रमाणे उभं राहून सांगितलं की अब्बांकडून कुणाचं येणं असेल तर मला भेटा, मी देईन. एकजण पुढं आला, गॅस सिलिंडरवाला, ९०० रुपये. भावानं तिथंच दिले. घरी अब्बांची वही माझ्याकडे होती. तिच्यात सात जणांकडून येणं बाकी होतं. त्यातले चार जण नमाजीच्या त्या सफमध्ये, रांगेत, उभे होते, असं भावानं रात्री सांगितलं. आमचं देणं आहे, असं म्हणत कुणी आलं नाही. ती वाईट माणसं होती असं मी म्हणणार नाही. त्यांना ते आठवलंच नसेल, आणि मला भीती वाटते ती त्याचीच.

रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांच्यापुढं एक जनाजा आणला गेला तेव्हा त्यांनी विचारलं, याच्यावर कर्ज आहे का? काही दिनार आहेत असं कळल्यावर ते म्हणाले, तुमच्या साथीदाराची नमाज तुम्हीच पढा. हजरत अबू कतादा यांनी ते देणं स्वतःच्या अंगावर घेतलं, तेव्हाच त्यांनी नमाज पढवली. शहीदाचंसुद्धा सगळं माफ होतं, कर्ज सोडून. कर्ज म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं बँक किंवा सावकार येतो. भावांनो, टॅलीतली देण्यांची यादी म्हणजेही कर्जच.

कायद्याचंही थोडं सांगते, कारण त्यात एक गोष्ट आहे जी मला झोपू देत नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यानुसार छोट्या उद्योगाचं बिल लेखी ठरलं असेल तर त्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं असतं. काहीच ठरलं नसेल तर १५ दिवसांत. नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. नोंदणी असलेल्या कारागिराचा हा हक्क आहे. पण आपला कारागीर तो मागत नाही. एक तर गिऱ्हाईक तुटेल ही भीती, आणि दुसरं म्हणजे ते व्याज त्याला नको असतं. म्हणजे ज्याचं ईमान पक्कं, त्याला थकवणं सगळ्यात स्वस्त पडतं. त्याच्या परहेजगारीचा फायदा आपण घेतो.

मग २०२३-२४ या वर्षापासून प्राप्तिकराचा नियम बदलला. अशा छोट्या उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही, तर पैसे देईपर्यंत तो खर्च उत्पन्नातून वजा मिळत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये मी लिहिते त्या दुकानांतून दोन-दोन वर्षांची बिलं पंधरा दिवसांत निघाली. आरटीजीएसच्या पावत्या मीच चढवल्या. चढवताना माझं मन भरून आलं. पैसे होते. इतके दिवस होतेच.

जकातीच्या वेळी तर मी हे आणखी जवळून बघते. दुकानात ४० लाखांचा माल, ३ लाख रोख, ७ लाख वसूल होणारं येणं. झाले ५० लाख. त्यातून १२ लाखांचं देणं वजा करा असं मला सांगितलं जातं, आणि हनफी मसल्याप्रमाणे, म्हणजे आपल्या फिकहच्या नियमाप्रमाणे, ते बरोबर आहे. राहिले ३८ लाख, अडीच टक्क्यांनी जकात ९५,०००. देणं वजा केलं नसतं तर १,२५,००० झाली असती. म्हणजे ज्यांचं देणं आहे त्यांच्या नावावर आपण ३०,००० रुपयांची जकात कमी केली. ठीक. पण मग ते १२ लाख ज्यांचे आहेत त्यांना मिळायला नकोत का? जकात काढताना ते "माझे नाहीत" म्हणून बाजूला ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याच पैशांनी नवा माल उचलायचा, हे कोणत्या हिशोबात बसतं? तिकडे ग्रीलवाला बिचारा आपल्या येण्यात ८६,४०० धरतो आणि त्यावर जकात किती बसते म्हणून इमामसाहेबांना विचारायला जातो.

आता लिखापढीकडे येते. निकाहाच्या वेळी मेहेरचा आकडा आपण दोन साक्षीदारांसमोर निकाहनाम्यात लिहितो. आणि लाख-दोन लाखांची ऑर्डर "भाई, आपलंच आहे, होऊन जाईल" यावर देतो. २८२ वी आयत नीट वाचा. तिच्यात एक बारीक गोष्ट आहे : मजकूर सांगायचा तो ज्याच्यावर देणं आहे त्यानं, आणि त्यात काही कमी करायचं नाही. लिहिणाऱ्यानं इन्साफानं लिहायचं.

हे किती मोठं आहे ते आपल्या पुणे जिल्ह्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. १२ मे १८७५ ला बाजाराच्या दिवशी सुप्यात शेतकरी सावकारांवर उठले आणि दख्खनचा दंगा पुढं पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. लोकांचा राग कागदांवर होता. जिथं सावकारानं दस्त काढून दिले तिथं माणसाला सहसा कुणी हात लावला नाही, पण दस्त जाळले. कारण तो कागद धनकोनं लिहिलेला, ऋणकोला वाचता न येणारा, खाली फक्त त्याची निशाणी. पुढं १८७९ चा कायदा आला तेव्हा शेतकऱ्यांचे दस्त सरकारनं नेमलेल्या निबंधकासमोर लिहायची सोय करावी लागली. देणेकऱ्याच्या तोंडून, साक्षीदारांसमोर, तिऱ्हाईतानं प्रामाणिकपणे लिहावं, हे आपल्याला कितीतरी आधी सांगितलेलं होतं. आणि आज कोंढव्यात आपण चिठ्ठीच्या पाठीमागे आकडा लिहितो.

मालातल्या फसवणुकीवर मी फार बोलणार नाही, ते तुम्हाला माहीत आहे. रसूलुल्लाह बाजारात धान्याच्या ढिगात हात घालतात, आतून ओलं लागतं, आणि ते विचारतात की हे वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं. खोक्यात वरचा थर अस्सल आणि खालचे दोन हलके, हे गिऱ्हाइकाला आधीच उघड दाखवून विकणारे चार दुकानदार मला आपल्या पेठांत माहीत आहेत. ते रोजीनं खाली आले नाहीत, त्यांची गिऱ्हाइकं टिकून आहेत.

विश्वस्त साहेब, आता तुमच्याकडे. इस्लामी बँक भारतात कधी येणार असं तरुण पोरं तुम्हाला विचारतात. खरं उत्तर द्या. २००८ मध्ये रघुराम राजन समितीनं बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेनं तो प्रस्ताव पुढं न नेण्याचं ठरवलं. १९४९ चा बँकिंग कायदा बँकेला मालाची खरेदी-विक्री करू देत नाही, आणि मुराबहा म्हणजे तर बँकेनं वस्तू स्वतः विकत घ्यायची, आपला नफा उघड सांगायचा आणि ती हप्त्यानं विकायची. ते आज इथं बसत नाही. बार्शीत एका सहकारी बँकेनं २०१६ मध्ये बिनव्याजी कर्जाची खिडकी उघडली होती, म्हणजे सहकारातून थोडी वाट निघते. पण बँक येईपर्यंत आपण बसून राहावं असं यात काही नाही. बिल वेळेवर द्यायला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही.

"हलाल गुंतवणूक" म्हणून मशिदीच्या दारात पत्रकं वाटली जातात, त्यांना दार बंद करा. २०१९ मध्ये बेंगळुरूची आयएमए ही "हलाल" गुंतवणुकीची कंपनी बुडाली तेव्हा हजारो मुस्लिम कुटुंबांची जमा बुडाली, मुलींच्या लग्नाची, हजची. मुदारबा म्हणजे काय ते लोकांना समजावून सांगा. हजरत खदीजांचा माल घेऊन रसूलुल्लाह शामला, म्हणजे सीरियाच्या मुलखात, गेले ते याच रीतीनं : भांडवल एकाचं, मेहनत दुसऱ्याची, नफ्याचा वाटा आधी ठरलेला. तोटा आला तर पैसा भांडवलवाल्याचा जातो आणि मेहनतवाल्याची मेहनत. जो माणूस दर महिन्याला ठरलेला "नफा" देण्याची हमी देतो, तो एक तर सूद देतोय किंवा खोटं बोलतोय. तोट्यात वाटा नसेल तर नफ्यावर हक्क नाही, एवढं एक वाक्य लोकांना कळलं तरी कितीतरी घरं वाचतील.

माझं मागणं असं आहे. रमजानच्या आधीचे दोन जुम्मे फक्त देण्यांवर बयान ठेवा. शब-ए-बारातला मोबाईलवर "कहा-सुना माफ करा" असे मेसेज येतात, त्या रात्रीपासून रमजानच्या चांदपर्यंत पंधरा दिवस असतात. तेवढ्या दिवसांत प्रत्येक दुकानदारानं कारागिरांची आणि छोट्या पुरवठादारांची बिलं आधी मोकळी करावीत, मोठ्या कंपन्यांची नंतर. एरवी उलटं होतं, कारण कंपनी माल थांबवते आणि ग्रीलवाला फक्त हेलपाटे घालतो.

दुसरं, मशिदीच्या इमदाद, म्हणजे मदतीच्या, फंडातून छोटं कर्ज-ए-हसना सुरू करा. १०, २०, जास्तीत जास्त ३० हजार, अडकलेलं बिल दाखवून, दोन साक्षीदार, लेखी, ठरलेल्या तारखेला परत. जकातीचा पैसा यात घालू नका, तो कर्जाऊ फिरवायचा नसतो, हकदाराच्या मालकीचा करावा लागतो. पण कर्जात बुडालेला माणूस जकातीच्या आठ हकदारांपैकी एक आहे हे विसरू नका, ज्याला फेडणं शक्यच नाही त्याला ती द्या. लोकांकडून ठेवी गोळा करू नका. ट्रस्टच्या घटनेत हे बसतं का ते वकिलाला विचारा, नाहीतर सहकार कायद्याखाली पतसंस्था काढा. आपल्या बायका घरोघरी भिशी चालवतात, चिठ्ठी काढतात, बारा जणींचे पैसे बारा महिन्यांत एका पैशाचा घोळ न होता फिरतात. त्यातल्या दोघींना या फंडावर घ्या. लिलावाच्या भिशीवाल्यांना मात्र घेऊ नका, ज्याला गरज जास्त तो तिथं कमी पैसे उचलतो आणि फरक बाकीचे वाटून घेतात. ते सुदाचंच रूप.

तिसरं, व्यापारी भावांनो, एक पानाचा करार मी मराठीत आणि उर्दूत तयार केला आहे. काम काय, रक्कम किती, आगाऊ किती, बाकी कोणत्या तारखेला. उशीर झाला तर त्यात एक ओळ आहे : दर महिन्याला ठरलेली रक्कम यतीमखान्याला, अनाथाश्रमाला, द्यायची. कारागिराला त्यातलं काही मिळत नाही, त्यामुळे तो सूद होत नाही, आणि थकवणं फुकटही राहत नाही. जगभरातल्या इस्लामी बँका उशिराच्या दंडाचं असंच करतात. ज्यांना हा कागद हवा त्यांनी दुकानातल्या पोराला पाठवा, पैसे घेणार नाही.

मागच्या सोमवारी मी त्या दुकानात होते तेव्हा ग्रीलवाला आला होता. भाई नमाजीला गेले होते. मी त्याला बसवलं, पाणी दिलं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "आपा, यादीत माझं नाव कितवं आहे?" मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. तारखेप्रमाणे लावलं तर ते पहिलं आहे.

खुदा हाफिज.

पेठांमध्ये हिशोब लिहिणारी तुमची एक बहीण